एका ‘इतर’ कर्मचाऱ्याचं विद्यापीठ प्रशासनास खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. कुलसचिव आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस

विषय: रिक्त पदांचा कार्यभार आणि ताणमुक्ती कार्यशाळा या दोन परिपत्रकांबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात एकाच दिवशी आपल्या कार्यालयातून दोन परिपत्रकं निघाली. जेवणाच्या सुट्टीआधी निघालेल्या परिपत्रकात म्हटलं होतं, की रिक्त पदं पुढील आदेशापर्यंत भरली जाणार नाहीत. त्या पदांचं काम उपलब्ध कर्मचाऱ्यांनी ‘परस्पर समन्वयाने’ सांभाळावं. सुट्टीनंतरच्या परिपत्रकात म्हटलं होतं, की शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी ताणमुक्ती कार्यशाळा ठेवली आहे, ती सुट्टीच्या दिवशी आहे आणि उपस्थिती अनिवार्य आहे. जावक नोंदवहीत दोन्हींचे क्रमांक लागोपाठचे आहेत. मला हे माहीत आहे, कारण ते मीच टाकले. आवक-जावक पाहणारे गृहस्थ निवृत्त झाले तेव्हापासून ते टेबल ‘तात्पुरतं’ माझ्याकडे आहे. या तात्पुरत्याला आता तिसरं वर्ष लागलं.

या दोन परिपत्रकांबद्दल मी आधी रीतसर टिपणी सादर केली होती. ती ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत आली. कोणी कोणाशी चर्चा करावी हे शेऱ्यात नव्हतं. म्हणून हे पत्र उघडं लिहीत आहे. इथे माझं नाव छापलेलं नाही, पण आपल्याकडे पोचलेल्या प्रतीवर माझी सही आहे. लपण्याचा हेतू नाही. या कक्षात मी एकटीच अशी नाही, एवढंच सुचवायचं आहे.

मी परीक्षा विभागाच्या प्रमाणपत्र कक्षात 17 वर्षं आहे. रुजू झाले तेव्हा कक्षात पाच टेबलं होती आणि पाच माणसं. टेबलं आजही पाच आहेत.

आधी कार्यशाळेबद्दल सांगते. व्याख्याते भले गृहस्थ होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला सांगितलं, खोल श्वास घ्यायला सांगितला, समोर निळं शांत पाणी आहे अशी कल्पना करायला सांगितली. त्याच वेळी सभागृहात आठ-दहा फोन थरथरले. कार्यालयाच्या ग्रुपवर मागच्या पाच वर्षांतल्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांची माहिती ‘आज सायंकाळपर्यंत, विहित नमुन्यात’ मागवली होती. मागवणारे साहेब पहिल्याच रांगेत बसले होते. त्यांचे डोळे अर्थातच उघडे होते.

शेवटी एक प्रश्नावली वाटली. ‘तुमच्या ताणाचं मुख्य कारण कोणतं?’ त्याखाली पर्याय: कौटुंबिक अडचणी, अपुरी झोप, अनियमित आहार, मोबाईलचा अतिवापर, व्यायामाचा अभाव. कामाचा भार हा पर्याय नव्हता. ‘इतर’ असाही नव्हता. आम्हा ‘इतरां’ना निदान त्या एका रकान्यात तरी जागा मिळायला हवी होती.

या शब्दाचं मला अलीकडे फार वाटायला लागलं आहे. शिक्षकेतर. आपण कोण आहोत हे सांगायचं सोडून आपण कोण नाही हे सांगणारा शब्द. ग्रंथपालाचे मदतनीस, लेखापाल, प्रयोगशाळा सहायक, वीजतंत्री, लिपिक, शिपाई, वसतिगृहाचे रखवालदार, संगणक कक्षातली मुलं अशी वीस प्रकारची कामं करणारी माणसं या एका नकारात कोंबलेली आहेत. रुग्णालयातल्या परिचारिकेला कोणी ‘डॉक्टरेतर’ म्हणत नाही.

आणि विद्यापीठांच्या इतिहासात आम्ही काही काल आलेलो नाही. युरोपातलं सर्वांत जुनं विद्यापीठ मानलं जातं ते बोलोन्याचं. त्याच्या स्थापनेचं परंपरेने सांगितलं जाणारं वर्ष 1088. मध्ययुगातल्या त्या विद्यापीठांमध्ये ‘बेडेल’ नावाचा नोकर असे. व्याख्यानांची दवंडी देणं, मिरवणुकीत दंड घेऊन पुढे चालणं ही त्याची कामं. आज दीक्षान्त समारंभाच्या मिरवणुकीत दंड घेऊन कोणीतरी सगळ्यांच्या पुढे चालतं ना, तो त्याच जुन्या नोकराचा वारसा आहे. म्हणजे मिरवणुकीत आम्ही आजही सर्वांत पुढे आहोत. मिरवणूक संपली की खुर्च्या कोणी लावल्या हे विचारू नये.

आता मला जे सांगायला सर्वांत जड जातं ते सांगते.

मागच्या प्रवेशाच्या हंगामात एक मुलगा खिडकीवर आला. त्याला स्थलांतर प्रमाणपत्र हवं होतं. दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि कागदपत्रं देण्याची शेवटची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळची होती. रात्रीची गाडी पकडून त्याला तिथे पोचायचं होतं. त्याचा अर्ज पोर्टलवर नऊ दिवस आधी आलेला, शुल्क भरलेलं, कागद पूर्ण. पात्रता क्रमांक पडताळायचा, गुणनोंदवहीतली नोंद जुळवायची, छापायचं, सही घ्यायची. मनात आणलं तर वीस मिनिटांचं काम. घड्याळात सव्वापाच झाले होते आणि सकाळपासून मी जागेवरून उठले नव्हते. तो बोलता बोलता रडायला लागला. मला काहीही वाटलं नाही. राग आला नाही, दया आली नाही, घाईसुद्धा वाटली नाही. खोलीत पंखा चालू असावा तसं त्याचं रडणं चालू होतं. मी म्हटलं, “उद्या या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या मी पहिलं काम ते केलं. तो आला नाही. प्रमाणपत्र महिनाभर माझ्या खणात पडून होतं, मग फाईलला लावलं. त्याने तक्रार केली नाही. केली असती तर माझ्याकडून खुलासा मागवला गेला असता आणि मी तो लिहिला असता. हे पत्र म्हणजे तो न मागवलेला खुलासा आहे असं समजावं.

मी पूर्वी अशी नव्हते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका मुलीच्या पदवी प्रमाणपत्रावर सही राहिली होती म्हणून मी अधिकाऱ्यांच्या घरी संध्याकाळी जाऊन सही आणली होती. त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही आणि मला ती हवीही नव्हती. त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते आठवडाभर पुरलं. ती बाई आणि ‘उद्या या’ म्हणणारी बाई एकच आहे. मधल्या काळात काय झालं, हा प्रश्न मला आपल्यासमोर ठेवायचा आहे.

त्या प्रसंगानंतर काही आठवड्यांनी झोप उडाली. छातीत धडधड व्हायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या ठीक निघाल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, “कामावर कसं चाललंय?” 17 वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला, आणि तो विचारणारा माणूस विद्यापीठाचा नव्हता. त्यांनी सक्तीची विश्रांती लिहून दिली. त्या दिवसांत ग्रंथालयातल्या एका सहकाऱ्याने (तोही ‘इतर’च) मला वाचायला काही मजकूर काढून दिला. त्यातलं थोडं आपल्याही कानावर घालते, कारण आमचं दुखणं काय आहे याबद्दल आपला गैरसमज झालेला दिसतो.

मराठीत आपण म्हणतो, ‘माणसाचं पार चिपाड झालं.’ इंग्रजीत याला बर्नआऊट म्हणतात. हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. त्याचं निरीक्षण असं होतं, की जे मनापासून झोकून देतात तेच आधी जळतात. कामचुकार माणसाला हे होत नाही. त्याच्याकडे जळायला काही नसतं. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी ते मोजायची पद्धत बसवली आणि त्याचे तीन पदर सांगितले. एक, थकून रिकामं होणं. दुसरा, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं, तो माणूस न वाटता वस्तू वाटणं. तिसरा, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. दुसऱ्या पदराजवळ मी बराच वेळ थांबले. पंखा चालू असावा तसं रडणं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मंजूर केली. तीत बर्नआऊट आहे, पण आजार म्हणून नाही. व्यवसायाशी निगडित घटना म्हणून आहे, आणि त्याचं कारण दिलं आहे: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, नीट न हाताळला गेलेला ताण. वाचून मला दिलासा मिळाला आणि लगेच राग आला. दिलासा यासाठी की दोष माझ्या झोपेत किंवा मोबाईलमध्ये नाही. राग यासाठी की ‘नीट न हाताळला गेलेला’ या शब्दांचा कर्ता कोण, हे कोणी विचारत नाही. त्याच संघटनेने 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कामाचा भार आणि कामाची रचना सुधारण्याबद्दल शिफारशी आहेत, आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्यावं असंही सांगितलं आहे. म्हणजे कार्यशाळा घ्यायचीच, तर ती आधी पहिल्या रांगेसाठी घ्यायला हवी होती.

आता तक्रारी. त्या सगळ्या एकाच वजनाच्या नाहीत.

सर्वांत मोठी ही, की कामाची मोजणी कोणी करत नाही. वरून पाहताना वाटतं, सगळं ऑनलाईन झालं, आता काम राहिलंय कुठे? प्रमाणपत्राचंच उदाहरण घ्या. पूर्वी एक अर्ज यायचा, एक पावती, एक नोंद, एक प्रमाणपत्र. आता अर्ज पोर्टलवर येतो. तो आम्ही उतरवून घेतो, छापतो, कारण फाईल अजून कागदाचीच लागते. विद्यार्थ्याने चढवलेली गुणपत्रिका तिरकी किंवा धूसर असली तर त्याला संदेश पाठवतो, तो दुसरी पाठवतो, तीही तिरकी. नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असतं. जुन्या वर्षांची नोंद अजून बांधीव नोंदवहीतच आहे, ती तळघरातून काढून आणावी लागते. मग प्रमाणपत्र, मग त्याचं स्कॅनिंग, मग पोर्टलवर ‘पूर्ण’ अशी खूण, मग मासिक अहवालासाठी एक्सेलमध्ये तीच नोंद पुन्हा. कागदाचं काम होतं तेवढंच राहिलं, त्यावर पडद्याचं काम चढलं. आणि पोर्टलमुळे विद्यार्थ्याला वाटतं की बटण दाबलं की प्रमाणपत्र बाहेर पडतं. मधे कोणी बसलेलं आहे हे त्याला दिसतच नाही. विद्यार्थ्याला न दिसणं मी समजू शकते.

व्यवस्थापन परिषदेच्या मागच्या एका बैठकीत रिक्त पदांचा विषय निघाला तेव्हा एका सन्माननीय सदस्यांनी पार्किन्सनचा नियम सांगितला, असं कानावर आलं. हाती असेल तेवढा सगळा वेळ काम खातं, कचेऱ्या आपोआप फुगतात, तेव्हा पदं न भरणं हाच उपाय. नियम विनोदी आहे आणि खरा आहे. पण पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने 1955 च्या ज्या लेखात तो मांडला, त्यातला दाखला सदस्यांनी पूर्ण सांगायला हवा होता. पार्किन्सनने ब्रिटिश नौदलाचे आकडे दिले होते: 1914 मध्ये मोठ्या युद्धनौका 62 होत्या, 1928 मध्ये 20 उरल्या, मात्र त्याच काळात मुख्यालयातले अधिकारी 2,000 वरून 3,569 झाले. जहाजं घटली आणि कारकून वाढले, ही त्याची थट्टा. आमच्याकडे विद्यार्थी वाढले, अभ्यासक्रम वाढले, परीक्षा वर्षातून एकदाच्या दोनदा झाल्या, पुनर्मूल्यांकन आणि छायांकित प्रती नव्याने आल्या. जहाजं वाढली आणि कारकून घटले. पार्किन्सन असता तर त्याला दुसरा लेख लिहावा लागला असता.

दुसरी तक्रार ‘माहिती सादर करा’ या वाक्याबद्दल. मूल्यांकनासाठी, मानांकनासाठी, वार्षिक अहवालासाठी, कोणाच्या तरी प्रश्नाच्या उत्तरासाठी, एकच आकडा वर्षभरात सात नमुन्यांत मागवला जातो. एकात शैक्षणिक वर्ष, दुसऱ्यात आर्थिक वर्ष, तिसऱ्यात मुली वेगळ्या, चौथ्यात मुली वेगळ्या पण विद्याशाखा एकत्र. प्रत्येक मागणीवर ‘अतितातडीचे’ असा शिक्का. सगळंच अतितातडीचं असलं की त्या शब्दाचा अर्थ एवढाच उरतो, की तुमच्या हातात आत्ता जे काम आहे ते आम्ही काम धरत नाही. आणि ते हातातलं काम म्हणजे बहुतेक वेळा खिडकीबाहेर उभा असलेला एखादा विद्यार्थी असतो.

तिसरी, खिडकीबद्दलच. 1983 मध्ये आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली: चेहऱ्यावर ठरावीक भाव ठेवणं हासुद्धा नोकरीचा भाग असतो आणि त्याने माणूस थकतो. आमच्या खिडकीवर दिवसभरात येणारा प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या अडचणीत असतो. ज्याचं सगळं नीट चाललंय तो प्रमाणपत्र कक्षात येतच नाही. निकाल चुकला, शुल्क दोनदा कापलं गेलं, पोर्टल बंद पडलं, यातलं काहीही आम्ही केलेलं नसतं. पण काचेच्या अलीकडे आम्ही बसलेलो असतो, म्हणून विद्यापीठ म्हणजे आम्ही. शिव्या आम्ही खातो. ते एक वेळ चालेल. पण ज्या सॉफ्टवेअरमुळे हे होतं ते खरेदी करताना, ज्या नियमामुळे होतं तो बदलताना, आम्हाला एकदाही विचारलेलं नाही. या पोर्टलचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा आमच्या कक्षातून कोणाला बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर नावातला बदल नोंदवायला त्यात जागाच नाही, हे पाच मिनिटांत सांगितलं असतं.

‘विचारलं नाही’ हे रुसव्याचं कारण वाटेल. तसं नाही. लंडनमधल्या 10,308 सरकारी कर्मचाऱ्यांचा, म्हणजे आमच्यासारख्याच टेबलावर बसून काम करणाऱ्यांचा, मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली 1985 पासून अभ्यास चालला. त्यातून 1997 मध्ये असं मांडलं गेलं, की ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कोणत्या पद्धतीने, हे ठरवण्याचा थोडाफार हक्क असणं ही चैन नाही, हे मला माझ्या धडधडीनंतर वाचायला मिळालं.

चौथी, अतिरिक्त कार्यभाराचे आदेश. त्यांत सुरुवातीची तारीख असते, शेवटची नसते. मोबदल्याचा उल्लेख नसतो, जबाबदारीचा असतो. मूळ टेबलावर चूक झाली तर ‘आपल्याकडून अपेक्षा नव्हती’ हे वाक्य ठरलेलं. रजेचंही तसंच. रजा मंजूर होते, पण ‘पर्यायी व्यवस्था आपण करावी’ या अटीवर. दोन माणसांच्या कक्षात पर्यायी व्यवस्था म्हणजे दुसरं माणूस. तेव्हा आम्ही दोघी एकमेकींची रजा राखून राखून शेवटी दोघींचीही बुडवतो.

पाचवी गोष्ट माझी नाही, कंत्राटी सहकाऱ्यांची आहे. ते स्वतः बोलू शकणार नाहीत म्हणून मी बोलते. कंत्राट संपत आलं की शेवटच्या महिन्यात ती मुलं ‘नाही’ हा शब्द विसरतात. कोणाच्याही घरचा संगणक दुरुस्त करायला जातात. आमच्या निम्म्याने पगार आणि आमच्या दीडपट काम. माझ्या शेजारी बसणारी मुलगी सहा वर्षं आहे आणि अजून तिच्या ओळखपत्रावर ‘अस्थायी’ आहे. ती गेली तर पोर्टलची खाचाखोच जाणणारं कक्षात कोणी नाही.

पदोन्नतीबद्दल एकच वाक्य: सेवाज्येष्ठता यादी वेळेवर लागली असती तर हा विषय पत्रात आला नसता.

आणि शेवटची तक्रार फार लहान आहे. लिहावी की नाही असं दोनदा वाटलं. दीक्षान्त समारंभाच्या भाषणाचा मसुदा आकडे तपासण्यासाठी आमच्या कक्षात आला होता. त्यात विद्यार्थी, पालक, प्राध्यापक, माजी विद्यार्थी, देणगीदार यांच्या आभारानंतर एक ओळ होती: ‘आणि हे सारे शक्य करणारे आपले शिक्षकेतर कर्मचारी.’ मी ती वाचून शेजारच्या टेबलावर दाखवली. आम्ही दोघी जरा हसलो, बरं वाटलं. समारंभाच्या दिवशी सभागृहात मागे उभं राहून मी भाषण ऐकलं. ती ओळ नव्हती. नंतर कळलं, वेळेअभावी भाषण थोडं कमी केलं होतं. आठ शब्द होते. त्या दिवशी वाटलेली प्रत्येक पदवी आमच्या कक्षातून तपासून गेली होती. मंचावर एकाही विद्यार्थ्याला दुसऱ्याचं प्रमाणपत्र मिळालं नाही, ते त्यापूर्वीच्या तीन रात्रींमुळे.

समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी 1996 मध्ये श्रम आणि परतावा यांच्या असमतोलाबद्दल मांडणी केली. परताव्यात त्यांनी पैसा धरला, नोकरीची शाश्वती आणि बढती धरली आणि मानही धरला. म्हणजे ते आठ शब्द हिशेबात धरले जातात. फुकट होते, तरी वाचवले गेले.

हे सगळं प्राध्यापकांच्या विरोधात आहे असा अर्थ कृपया काढू नये. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी नेणारे, तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक मी रोज पाहते. त्यांचंही चिपाड होत आहे आणि त्यांचं पत्र ते लिहितील. काही जण आमच्या कक्षात येऊन स्वतः नोंदवह्या उचलू लागतात. पण असेही काही आहेत जे 17 वर्षांत मला नावाने ओळखत नाहीत आणि दारातून ‘अहो प्रमाणपत्र’ अशी हाक मारतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

1. प्रत्येक कक्षात महिन्याला किती अर्ज येतात आणि एका अर्जाला प्रत्यक्षात किती वेळ लागतो, याची मोजणी करावी. मोजणारे आमच्यासोबत टेबलावर बसावेत, अहवाल मागवू नये. तो अहवालही आम्हालाच लिहावा लागेल.

2. मोजणीनुसार पदं भरावीत. भरता येत नसतील तर कोणतं काम थांबवायचं किंवा कोणत्या कामाची मुदत वाढवायची, ते आपल्या सहीने लेखी कळवावं आणि खिडकीबाहेर लावावं. प्रमाणपत्राला सात दिवसांऐवजी पंधरा दिवस लागणार असतील तर ते विद्यार्थ्याला विद्यापीठाने सांगावं, मी नाही. ही मागणी आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. बाकी सगळ्या फेटाळल्या तरी ही फेटाळू नये.

3. अतिरिक्त कार्यभाराच्या आदेशात शेवटची तारीख आणि मोबदला असावा. तारीख उलटली की कार्यभार आपोआप संपावा.

4. कार्यालयीन वेळेनंतर आणि सुट्टीच्या दिवशी ग्रुपवर कामाचे आदेश देऊ नयेत. परीक्षा आणि निकालाचे आठवडे वगळा, ते आम्ही समजून आहोत. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्याने मान्य आहे. आम्ही कायदा मागत नाही, एक परिपत्रक मागतो. टंकलिखित मी करून देईन.

5. सर्व विभागांना लागणारे आकडे एकाच नमुन्यात, वर्षातून दोनदा घ्यावेत आणि ज्याला हवे त्याने तिथून उचलावेत.

6. खिडकी दिवसातून दोन तास बंद ठेवून त्या वेळात साचलेलं काम करू द्यावं. खिडकीवर एकटं माणूस बसवू नये. अंगावर येणाऱ्याला आवरायला कोणाला हाक मारायची, ते ठरवून द्यावं.

7. सॉफ्टवेअर खरेदी आणि परीक्षाविषयक नियमबदलाच्या समितीवर प्रत्यक्ष ते काम करणारा किमान एक कर्मचारी असावा, आणि त्याचं म्हणणं इतिवृत्तात नोंदवलं जावं.

8. कंत्राटी सहकाऱ्यांच्या मुदतवाढीचा निर्णय मुदत संपण्याच्या दोन महिने आधी कळवावा.

ताणमुक्ती कार्यशाळेबद्दल मागणी नाही. ठेवायची तर ठेवा. फक्त कामाच्या दिवशी ठेवा, आणि प्रश्नावलीत एक पर्याय वाढवा.

त्या मुलाचं काय झालं, मला माहीत नाही. अर्जावर त्याचा फोन नंबर आहे. तो लावून विचारायचं धाडस मी दोनदा गोळा केलं आणि दोनदा फोन खाली ठेवला. पत्र पाठवल्यावर पुन्हा प्रयत्न करणार आहे.

या पत्राची आवक नोंद मी आजच्या तारखेला घेतली आहे. आपलं उत्तर निघालं तर जावक क्रमांकही मलाच टाकावा लागेल, त्यामुळे ते निघालं की नाही हे मला लगेच कळेल. नोंदवहीत ओळ रिकामी सोडण्याची परवानगी नसते. असती तर मी एक सोडली असती.

आपली विश्वासू,
वरिष्ठ लिपिक, प्रमाणपत्र कक्ष
(अतिरिक्त कार्यभार: आवक-जावक)